सेव्हेनच्या डोंगरात गडगे रचायला: फ्रान्समधल्या श्रमशिबिराची तयारी

कोकणात ज्याला गडगा म्हणतात आणि घाटमाथ्यावर ताल, तोच प्रकार दक्षिण फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांत उतारच्या उतार भरून दिसतो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. या भिंतींनी अडवलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांवर तिथल्या लोकांनी कांदा पिकवला, तुती लावून रेशमाचे किडे पोसले, चेस्टनटच्या झाडांवर पिढ्या जगवल्या. विसाव्या शतकात माणसं खाली शहरांकडे गेली आणि बांध ढासळू लागले. २०११ साली युनेस्कोने कोस नावाची पठारं आणि सेव्हेन डोंगर यांचा हा मुलूख जागतिक वारशात घेतला, २०१८ साली फ्रान्ससह आठ देशांची कोरड्या दगडी बांधकामाची कला अमूर्त वारशाच्या यादीत आली. पण यादीत नाव आलं म्हणून भिंत उभी राहत नाही, ती हातांनीच रचावी लागते. म्हणून दर उन्हाळ्यात तिथल्या संस्था दोन-तीन आठवड्यांची शिबिरं भरवतात. दहा-पंधरा तरुण, सात-आठ देशांतले. दिवसाला पाच-सहा तास काम, राहणं-जेवण तिथेच, पगार नाही.

ही पद्धत जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात काही देशांचे स्वयंसेवक गोळा केले. त्यांत कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते. त्यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. १९३४च्या भूकंपानंतर सेरेसोल बिहारमध्येही कामाला आले होते. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आलेल्यांना या दिनक्रमाची ओळख लगेच पटेल: सकाळी अंगमेहनत, दुपारनंतर माणसांची संगत.

आता निघण्याच्या तयारीकडे. शिबिरांची यादी साधारण मार्चमध्ये जाहीर होते आणि जुलै-ऑगस्टच्या जागा मेअखेर भरत येतात. बहुतेक शिबिरांना थेट अर्ज चालत नाही, आपल्या देशातल्या पाठवणाऱ्या संस्थेमार्फतच जावं लागतं. ‘सर्व्हिस सिव्हिल’ची शाखा भारतात आहे. तीन-चार पसंती द्या, कारण एका देशाचे एक-दोघेच घेण्याची प्रथा आहे आणि पहिली पसंती हुकणं नेहमीचं. अर्जातल्या पत्रात ‘मला वेगवेगळ्या संस्कृती जाणून घ्यायला आवडतात’ हे वाक्य प्रत्येक जण लिहितो, त्याने काहीच कळत नाही. गावी बांध घातला असेल, गवंड्याच्या हाताखाली दोन दिवस विटा दिल्या असतील, वीस माणसांचा स्वयंपाक केला असेल तर ते लिहा. ‘फी भरा, बाकी सगळं आम्ही बघतो’ असं सांगून लाखभर रुपये मागणाऱ्या दलालांपासून लांब राहा. खऱ्या शिबिराचा खर्च म्हणजे पाठवणाऱ्या संस्थेचं शुल्क, यजमान संस्थेचं सभासदत्व-विमा आणि जेवणाखाण्यापोटी थोडी वर्गणी. मोठा खर्च विमानाचा असतो आणि तो आपला आपल्यालाच करायचा असतो.

खरी अडचण व्हिसाची. नव्वद दिवसांच्या आतल्या शिबिराला अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा, पुरतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवस आधी ही शेवटची मर्यादा असली तरी तिच्यावर विसंबू नका. मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या व्हिसा केंद्रांत भेटीच्या वेळा मिळत नाहीत, तेव्हा निवड झाल्याचं कळलं की त्याच आठवड्यात वेळ घ्या. शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे, केंद्राचं शुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा.

अर्ज अडतात ते बहुधा तारखांवर. निमंत्रणपत्रात शिबिर ६ ते २६ जुलै, तिकीट ४ ते ३० आणि विमा ६ ते २६ असला की मधल्या दिवसांचं काय, हा प्रश्न उभा राहतोच. विमा घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा काढा, आधी-नंतरच्या रात्रींच्या मुक्कामाचं आरक्षण जोडा. यजमान संस्थेच्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: पासपोर्टप्रमाणे तुमचं नाव, मुक्कामाचा पत्ता, राहण्या-जेवणाची सोय संस्था करते हे, आणि काम बिनपगारी आहे हे. वडिलांचं नाव मधे लिहायची आपली सवय आणि पासपोर्टवरचा क्रम यांत फरक पडतो, तो मसुदा असतानाच दुरुस्त करून घ्या. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं बोनाफाइड, आईवडिलांच्या खात्याचे उतारे आणि खर्च ते करणार असल्याचं पत्र द्यावं. अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात अचानक मोठी रक्कम भरली तर ती मदतीपेक्षा अडचणच करते.

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. तिथून सेव्हेनच्या पायथ्याचं आलेस गाठायचं तर आधी वेगवान रेल्वेने नीम, मग प्रादेशिक गाडीने सुमारे पाऊण तास. पॅरिस ते नीम साधारण तीन तास. ही गाडी बहुधा पॅरिसच्या गार द लियों स्टेशनाहून सुटते. काही गाड्या थेट विमानतळाच्या स्टेशनातून निघतात, सामान घेऊन शहर ओलांडायचं नसेल तर त्याच बघा. वेगवान गाडीचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, प्रादेशिक गाडीला तशी घाई नाही. विमान उतरणं आणि गाडी सुटणं यांत किमान चार तास ठेवा. ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी नोंदणी सुरू झाल्याने रांगा लांबतात. गाडी चुकली तर स्वस्त तिकिटाचे पैसेही बहुधा गेले.

नीमला दोन स्टेशनं आहेत. एक शहरातलं, दुसरं पाँ द्यु गार नावाचं, गावाबाहेर दहा-बारा किलोमीटरवर, २०१९ साली उघडलेलं. तिकिटावर फक्त ‘नीम’ वाचून माणूस भलत्या फलाटावर उतरतो आणि आलेसची गाडी हातची जाते. दोन्हींना जोडणाऱ्या गाड्या आहेत, पण रोज ठरावीकच. आलेसवरून वर डोंगरात जाणाऱ्या बस रविवारी आणि १४ जुलै, १५ ऑगस्ट या तिथल्या सुट्ट्यांना फारच थोड्या असतात. माहितीपत्रकात भेटीची जागा आणि वेळ दिलेली असते, ती काटेकोर पाळा आणि शिबिरप्रमुखाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. दऱ्यांत फोनला रेंज नसते.

सामानात सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बूट. घोट्यापर्यंत चढणारे, पुढे पोलादी टोपी असलेले, आणि निघण्याआधी महिनाभर वापरून मऊ केलेले. नवे बूट तिसऱ्या दिवशी फोड आणतात आणि उरलेलं शिबिर बसून काढावं लागतं. चामड्याचे हातमोजे दोन जोड, कारण शिस्ट या तिथल्या पापुद्र्यांच्या दगडाच्या धारेने पहिला जोड आठवड्यात फाटतो. पूर्ण लांबीची जाड पँट, टोपी, दोन लिटरची बाटली. निजायला तंबू असतो आणि जुलैतही डोंगरात रात्री गारठा पडतो, म्हणून दहा अंशांपर्यंत ऊब देणारी स्लीपिंग बॅग हवी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे का ते पाहून घ्या. गवतात गोचिडी असतात, रोज संध्याकाळी गुडघ्यामागे आणि काखेत बघायचं, त्यांना काढायची छोटी आकडी तिथल्या औषधांच्या दुकानात मिळते.

मसाले जरूर न्या, पण बंद पाकिटांत. तूप, पेढे, खवा, चीज आणि कुठलाही मांसाहारी पदार्थ युरोपात नेता येत नाही. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नाहीत. आईने डबा भरून दिला की तो विमानतळावर टाकून द्यावा लागतो, हे घरी आधीच सांगा.

आता काम. पहिला दिवस-दीड दिवस एकही दगड रचला जात नाही आणि उत्साही मुलांना तेच जड जातं. ढासळलेला भाग पूर्ण उतरवायचा, जमीन घट्ट लागेपर्यंत पाया उकरायचा आणि दगड वेगळे करायचे. पायाचे मोठे, दर्शनी बाजूचे, आतल्या भरावाच्या कपच्या आणि सगळ्यात वर बसवायचे जड दगड, असे चार ढीग. वरचे दगड सगळ्यांत शेवटी लागतात म्हणून त्यांचा ढीग सर्वांत लांब. भिंत आणि ढीग यांच्यात दोन-अडीच फूट वाट मोकळी ठेवायची. ही वाट ठेवली नाही की चौथ्या दिवशी सगळे एकमेकांच्या पायांत येतात आणि बोटं चेंगरतात. अर्धा मीटर जाडीच्या भिंतीच्या एका चौरस मीटरला सुमारे एक टन दगड लागतो. सरावाचा माणूस दिवसाला दीड-दोन चौरस मीटर रचतो. नवख्या दहा जणांच्या गटाने दोन आठवड्यांत दहा-पंधरा मीटर केलं तरी ते चांगलं काम.

पाया आतल्या अंगाला, म्हणजे डोंगराकडे, थोडा कललेला हवा. भिंतीलाही मागे कल देतात, उंचीच्या दर मीटरला दहा-पंधरा सेंटिमीटर. तो डोळ्यांनी साधत नाही. दोन टोकांना लाकडी चौकट उभी करून दोरी ताणायची आणि प्रत्येक थरागणिक ती वर सरकवायची. दोरीला दगड टेकवायचा नाही, दोरी आणि दगड यांत बोटभर फट राहू द्यायची. टेकलेला एक दगड दोरी बाहेर ढकलतो आणि पुढची सगळी भिंत त्या चुकीच्या मागे जाते.

दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जायला हवी. नवखा माणूस मोठा चेहरा दिसावा म्हणून लांब बाजू दर्शनी ठेवतो, भिंत पटापट वाढल्यासारखी वाटते आणि पहिल्या जोरदार पावसात पोट काढते. सांधेमोड कटाक्षाने करायची: खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड. तीन थर उभा सांधा राहिला तर शिबिरातला गवंडी ते तिन्ही थर उतरवायला लावतो आणि ते बरोबरच आहे. दर मीटरभर अंतरावर एक लांब दगड मागच्या भरावात खोल घुसवायचा, तो दर्शनी भाग आणि पोट बांधून ठेवतो. शिस्टला पापुद्रे असतात. ते आडवे राहतील असा दगड बसवा. दर्शनी बाजूला पापुद्रे उभे राहिले तर त्यांत पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठतं आणि दगड सोलून निघतो. तोडताना पापुद्र्याच्या रेषेवर हलके ठोके द्यायचे, एक जोराचा घाव दिला की दगडाचा भुगा होतो. ठोके देताना संरक्षक चष्मा डोळ्यांवरच हवा, कपाळावर नाही.

आतला भराव हाताने, एकेक कपची अडकवून भरायचा. फावड्याने ओतलेला भराव खाली बसतो आणि मधे पोकळी राहते. आणि माती कधीच नाही. ही एक गोष्ट वारंवार सांगावी लागते, कारण फटी मातीने बुजवायचा मोह सगळ्यांना होतो. सेव्हेनमध्ये शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरून ढग येऊन आदळतात आणि एका दिवसात दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडू शकतो. कोरडी भिंत टिकते ती पाणी फटींतून वाहू देते म्हणून. माती भरली की पाणी मागे साचतं, माती फुगते आणि भिंत पुढे येते. कोकणातले जुने गडगे आषाढात का पडत नाहीत आणि सिमेंटने फटी बुजवलेली नवी भिंत का पडते, त्याचं उत्तर हेच.

दगड उचलताना गुडघ्यांतून वाका, कंबरेतून नको. मोठा दगड उचलायचाच नाही, पहारीने सरकवायचा. दोघांनी मिळून दगड ठेवताना ‘सोड’ कोणी म्हणायचं ते आधी ठरवा, तेही दोघांना कळेल अशा एका शब्दात. भाषा वेगळ्या असल्याने बोटं चेंगरतात ती इथेच. जुन्या भिंती उतरवताना फटींत व्हायपर हा विषारी साप असू शकतो, म्हणून आधी पहार, मग हात. ऊन वाढलं की काम सकाळी सातला सुरू करून दुपारी एकला थांबवतात. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायलाच हवं. जंगलात आगीचा धोका असला की काही वाटा प्रशासन बंद करतं, तेव्हा वाद घालू नका. तातडीचा नंबर ११२.

स्वयंपाक पाळीने असतो, दोघं-तिघं मिळून बारा-पंधरा जणांचा. शाकाहारी असाल तर अर्जातच लिहा आणि अंडं, मासे चालतात का तेही स्पष्ट करा, कारण तिथे ‘शाकाहारी’ म्हटल्यावर मासे वाढणारे लोक भेटतात. आपली पाळी आली की खिचडीसारखं सोपं दुसरं काही नाही. बारा जणांना १२०० ग्रॅम तांदूळ आणि ६०० ग्रॅम मसूर डाळ धरा. तूरडाळ नको. कुकर नसतो, उघड्या पातेल्यात ती तासभर शिजत नाही आणि गॅस संपतो. लाल मसूर तिथल्या दुकानात मिळते आणि पंचवीस मिनिटांत मऊ होते. तिखट वेगळ्या वाटीत ठेवा. सोबत सेव्हेनचा गोड कांदा चिरून लिंबू पिळला की जेवण पुरतं. पेलार्दों नावाचं शेळीच्या दुधाचं छोटं चीज गावातल्या बाजारात मिळतं, ते चुकवू नका.

दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हणायचं, बाहेर पडताना ‘ओ रव्वार’. हे न करता थेट वस्तू मागितली तर पुढच्या दहा दिवसांत गाव तुमच्याशी मोकळेपणाने बोलत नाही. वाइन नको असेल तर ‘नको’ एवढंच पुरतं, त्याचं कारण कोणी विचारत नाही. संध्याकाळी आपल्या भाषेतल्या मित्राशी तासन्‌तास फोनवर बोलणारा मात्र गटाबाहेर पडतो. तुटकं इंग्रजी, चार फ्रेंच शब्द आणि खुणा यांवर सगळ्यांचं भागतं.

सुट्टीच्या दिवशी पाँ द्यु गारचा रोमन जलसेतू पाहून या. ४९ मीटर उंच, तीन मजली कमानी, आणि त्यातले प्रचंड दगड बव्हंशी चुन्याशिवाय बसवलेले. आठवडाभर दगड रचून झाल्यावर तो पाहिला की सांध्यांकडे वेगळ्या नजरेने बघता येतं.

परतीची गाडी शेवटच्या दिवशी दुपारनंतरची घ्या. सकाळ तंबू सोडणं, हत्यारं धुणं, भांडी मोजणं यांत जाते आणि लवकर निघणाऱ्याचं काम इतरांवर पडतं. निघण्याआधी संस्थेकडून कामाचे तास आणि प्रकार लिहिलेलं प्रमाणपत्र मागून घ्या, नंतर मिळवायला महिने लागतात. भिंतीचे फोटो समोरून नको, बाजूने काढा, म्हणजे कल आणि थर दिसतील. बुटांची माती तिथेच घासून काढा. आणि घरी आल्यावर मे महिन्यात, पावसाआधी, कोकणात गडग्यांची डागडुजी चालू असते तेव्हा एखाद्या जुन्या जाणत्या गड्याजवळ चार दिवस जाऊन बसा. जांभा आणि शिस्ट यांचे स्वभाव वेगळे, पण सांधेमोड, आतला भराव आणि पाण्याची वाट यांबद्दल तो काय सांगतो ते लिहून घ्या.