हेराकडून हप्ता

सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. दिवसभर टॅली, सुताच्या पार्ट्यांचे फोन, ई-वे बिलं (माल गाडीने पाठवताना काढायची), आणि महिन्याच्या वीस तारखेच्या आत जीएसटीचा रिटर्न. रात्री ओटा पुसून झाला की तिथल्याच टेबलावर वही काढते आणि कादंबरी लिहिते. हेरकथा. नवरा अधूनमधून डोकावतो आणि एकच विचारतो, "मारामारी कुठवर आली?" मारामारी नाहीच आहे. एक धक्काबुक्की आहे, तीही नवी पेठेत, गाडी लावण्यावरून.

माझ्या कादंबरीत कुणी क्षेपणास्त्राचे नकाशे चोरत नाही. एक टोळी आहे, तिघांचीच, आणि तिचा धंदा एकच: नाव बदलून राहणारे हेर हुडकायचे आणि त्यांच्याकडून हप्ता घ्यायचा. शत्रूला विकायचं नाही, पेपरात छापायचं नाही. नुसते महिन्याला पैसे. हेर जाईल कुठे? पोलिसांत गेला तर पहिला प्रश्न, नाव काय. वरिष्ठांना सांगितलं तर ओळख फुटली म्हणून परत बोलावणार आणि पाच वर्षांची मेहनत पाण्यात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ही कल्पना मला कुठल्या पुस्तकातून सुचलेली नाही. ती 1996 सालची, आमच्या गल्लीतली आहे.

मी तेव्हा नववीत होते. आई घरी टॉवेलच्या कडा शिवायची, डझनावर पैसे मिळायचे. त्यातले शंभर रुपये दर महिन्याला भिशीत. दिवाळीला बाराशे आणि वर थोडं व्याज, अशी बोली. भिशी चालवणाऱ्या काकू मधल्या काळात ते पैसे व्याजाने फिरवायच्या. वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शंभराची नोट ज्वारीच्या डब्यात, तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत असायची. पहिल्या आठवड्यात एखाद्या दुपारी आई ती काढायची, पदराला पुसायची (नोटेला पिठूळ धूळ लागलेली असायची), आणि काकूंच्या हातात देताना दर वेळी म्हणायची, "आमच्या ह्यांना तेवढं कळू देऊ नका."

त्या वर्षी दिवाळीला काकू म्हणाल्या, पैसे अडकलेत. गल्लीत बोंब झाली. ज्यांचे नवरे दारात जाऊन उभे राहिले त्यांना पंधरा दिवसांत पैसे मिळाले, व्याजासकट. ज्यांनी नवऱ्यापासून लपवून भरले होते अशा सहा-सात बायका. त्यांना आजतागायत छदाम मिळालेला नाही.

मला पुढे बऱ्याच वर्षांनी उमगलं, की काकूंना यादी कुठे शोधावी लागलीच नव्हती. बायकांनीच ती दिली होती, दर महिन्याला, स्वतःच्या तोंडाने.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत त्या भेटल्या. पाळण्यांच्या रांगेजवळ. मी आईचा हात घट्ट धरला, आता भांडण होणार म्हणून. काकूंनी कागदाची पुडी उघडली, आईच्या तळहातावर तीळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "गोड बोला हं." शेजारी वडील उभे होते. आई गोड बोलली.

असो. लिहायला लागल्यावर मी खऱ्या हेरांबद्दल वाचत गेले, आणि सवयीने प्रत्येक ठिकाणी पैशाची बाजू आधी बघायला लागले. दुसऱ्या महायुद्धातला हुआन पुजोल नावाचा स्पॅनिश माणूस तर मला आमच्या धंद्यातलाच वाटला. तो बसला होता लिस्बनमध्ये आणि जर्मनांना कळवत होता की मी इंग्लंडमधून हेरगिरी करतोय. हाताशी काय, तर इंग्लंडची पर्यटकांसाठीची माहितीपुस्तिका. खर्चाची बिलंही लावायचा. पण इंग्रजी नाण्यांचा हिशेब त्याला जमेना: बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगचा एक पाउंड. मग त्याने खर्चाच्या बाबी लिहून पाठवल्या आणि बेरीज नंतर कळवतो म्हणाला! आमच्याकडे कुणी असं व्हाउचर दिलं तर मी ते तोंडावर परत करीन. जर्मनांनी चालवून घेतलं. 1942 मध्ये ब्रिटिशांनी त्याला आपल्यात घेतलं, 'गार्बो' असं टोपणनाव दिलं, आणि पुढे त्याच्या हाताखाली 27 हेर कागदावर उभे राहिले. एकही खरा नाही. त्यातला एक आजारी पडून 'मेला', स्थानिक वर्तमानपत्रात निधनवार्ता छापून आली, आणि जर्मनांनी त्याच्या विधवेला पेन्शन सुरू केली. नसलेल्या माणसाच्या नसलेल्या बायकोला पेन्शन! आमच्याकडे खऱ्या विधवांच्या चपला झिजतात. शेवटी ह्याच माणसाला जर्मनीचं आयर्न क्रॉस हे पदकही मिळालं आणि ब्रिटनचा एमबीई हा किताबही.

पुजोल वाचताना हसू येतं. ऑल्ड्रिच एम्सचं वाचताना येत नाही. हा सीआयएचा, म्हणजे अमेरिकेच्या हेरखात्याचा अधिकारी, काम सोव्हिएत हेरखात्याशी संबंधित. 1985 मध्ये कर्जात बुडाला आणि सोव्हिएतांकडून 50,000 डॉलर घेऊन बसला. जूनमध्ये त्याने अमेरिकेसाठी गुपचूप काम करणाऱ्या सोव्हिएत माणसांची मोठी यादीच देऊन टाकली. कारण विचाराल तर, त्याच माणसांपैकी कुणीतरी आपलं नाव अमेरिकेला कळवेल ही भीती. किमान दहा जणांना मृत्युदंड झाला. काकूंनी ओरडू शकणाऱ्यांचे पैसे चुकते केले होते, ह्याने ओरडू शकणाऱ्यांची तोंडंच कायमची बंद केली.

तो सापडला त्यातला एक मोठा धागा बँकेच्या पासबुकाचा होता, हे वाचून मात्र मी खुर्चीत सरळ बसले. सँडी ग्राइम्स नावाची सीआयएतलीच बाई. तिने एका बाजूला एम्सच्या सोव्हिएत दूतावासातल्या माणसाबरोबरच्या भेटींच्या तारखा मांडल्या, दुसऱ्या बाजूला त्याच्या खात्यातला भरणा. 17 मे 1985 ला भेट, 18 मे ला 9,000 डॉलर रोख जमा. पुढच्या भेटींचंही तसंच. म्हणजे आम्ही दर महिन्याला बँकेचं स्टेटमेंट आणि लेजर शेजारी ठेवून टिका मारत जातो ना, तेच. 5 लाख 40 हजार डॉलरचं घर रोखीने घेतलं, जग्वार गाडी घेतली, तरी बायकोच्या माहेरचा पैसा म्हणून खपून गेलं होतं. 21 फेब्रुवारी 1994 ला त्याला अटक झाली. नऊ वर्षं.

तेव्हा माझ्या टोळीचा म्होरक्या हिशेबनीस असणार हे ठरूनच गेलं. पाच-सहा छोट्या फर्मच्या वह्या लिहिणारा, सायकलवरून मोपेडवर आलेला. त्यातली एक फर्म साखर पेठेत, टॉवेल बाहेरगावी पाठवणारी. त्याला पहिली शंका येते ती भाड्यावरून. मालक मागायच्या आधी भाडं पोचतं. आता मला सांगा, सोलापुरात असा व्यापारी कुणी पाहिलाय? उधारी नाही, थकबाकी नाही, सुताच्या भावावरून घासाघीस नाही. मग तो ई-वे बिलावरचा ट्रकचा नंबर तपासतो, तर तो निघतो एका स्कूटरचा. इथवर काही विशेष नाही. बोगस बिलांच्या प्रकरणांत हे होतंच. पण बोगस बिल करणारा ते करतो टॅक्सच्या क्रेडिटसाठी, म्हणजे खरेदीवरचा टॅक्स भरायच्या टॅक्समधून वळता करून घ्यायला. ह्या माणसाने क्रेडिट घेतलेलंच नाही. खोटं बिल करून त्याचा फायदा सोडून देणारा माणूस पैशासाठी दुकान थाटून बसलेला नाही, एवढं हिशेबनिसाला कळतं. दुसऱ्या दिवशी तो चहाच्या टपरीवर त्याला गाठतो आणि शांतपणे सांगतो, महिन्याला वीस हजार.

हे प्रकरण मी गेल्या रविवारी आईला वाचून दाखवलं. आई आता आमच्याकडेच असते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्वतः फारसं वाचत नाही. चटणीसाठी शेंगा फोडत बसली होती. टरफलं एका बाजूला, दाणे सुपात. वडील 2009 मध्ये गेले, त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. भिशीचा विषय मी काढला नव्हता, तिनेही काढला नाही. वीस हजार ऐकल्यावर मात्र तिचा हात थांबला.

"वीस फार झाले गं. वीस मागितले तर माणूस पळून जाईल, नाहीतर जिवावर उठेल. तीन मागायचे. तीन गेले तरी घरात भाकरी होते, मग कोण कशाला तोंड उघडतंय?"

मी वीस खोडून तीन केले.

"आणि त्याला गोड बोलायला लाव," आई म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.