वर्गात ‘त्या’ विषयावर बोलायला खरंच बंदी आहे का?

‘त्या विषयावर वर्गात बोलायला बंदी आहे.’ नाशिकच्या पंचवटीतली शाळा असो नाहीतर सिडकोतली, स्टाफरूममध्ये हे वाक्य ठामपणे ऐकू येतं. कुठल्या कायद्याने, असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. समलैंगिकता किंवा लिंगभाव यावर शाळेत बोलू नका, असं सांगणारा कायदा भारतात नाही आणि महाराष्ट्रातही नाही. तसे कायदे परदेशात आहेत. ते कसे चालतात हे पाहिलं की आपल्याकडची चुप्पी कुठून येते तेही उमगतं.

ब्रिटनचं कलम 28 घ्या. ते 1988 साली लागू झालं. स्थानिक कौन्सिलांनी (म्हणजे आपल्या नगरपालिकांसारख्या संस्थांनी) समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करू नये, असा त्याचा गाभा. बंधन कौन्सिलवर होतं, शिक्षकावर थेट नव्हतंच, आणि त्याखाली एकाही शिक्षकाला शिक्षा झाली नाही. तरीही शिक्षक गप्प राहिले. मुलांना चिडवणाऱ्यांना दटावायलाही कचरले. कारण ‘प्रसार’ कशाला म्हणायचं हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. स्कॉटलंडने ते 2000 मध्ये रद्द केलं, इंग्लंड-वेल्सने 2003 मध्ये.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याचा 2022 चा कायदा याहून बेरकी. तिसरीपर्यंत या विषयांचं अध्यापन बंद, आणि त्यापुढे ‘वयाला साजेसं’ नसेल तर बंद. 2023 मध्ये कायद्यातली मर्यादा आठवीपर्यंत नेली. खरी मेख तक्रारीच्या कलमात आहे. पालक थेट शाळा-जिल्ह्यावर, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर, दावा लावू शकतो, आणि तो जिंकला तर वकिलाचा खर्च जिल्ह्याच्या माथी. मग कोण कशाला धोका पत्करेल? मार्च 2024 मध्ये कोर्टात तडजोड झाली तेव्हा कागदावर स्पष्ट झालं की बंदी अध्यापनावर आहे, बोलता बोलता होणाऱ्या उल्लेखावर नाही. ग्रंथालयातली पुस्तकं, विद्यार्थ्यांचे गट, छळ रोखण्याचे उपाय तिच्यात येत नाहीत. म्हणजे शाळा भीतीपोटी जे टाळत होत्या, त्यातलं बरंच काही त्या बंदीत बसतच नव्हतं. हंगेरीने 2021 मध्ये या विषयांवर बोलायला शाळेत येणाऱ्या बाहेरच्या वक्त्यांवरही नोंदणीची अट घातली. या विषयांच्या प्रचारावरची रशियाची 2013 ची बंदी अल्पवयीनांपुरती होती, 2022 च्या अखेरीस ती सगळ्यांना लागू झाली.

असा कायदा हातात आला की शिक्षेआधी व्याख्या बघाव्यात. मग तक्रार कोण करू शकतो आणि भुर्दंड कुणावर, ते.

आपल्याकडे एवढा खटाटोप लागलाच नाही. 2007 मध्ये लैंगिक शिक्षण देणारा केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्राने थांबवला. 2021 मध्ये एनसीईआरटीने (शालेय अभ्यासक्रम आखणाऱ्या केंद्रीय संस्थेने) पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका काढली, तक्रार होताच ती संकेतस्थळावरून काढून टाकली. खाली दहावीच्या वर्गात पुनरुत्पादनाचा धडा आला की ‘हा घरी वाचून घ्या’.

उलट बाजूचे कायदे मात्र आहेत. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्याचं कलम 13 अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना भेदभावाविना समावेशक शिक्षण द्यायला सांगतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मानसिक छळाला मनाई करतं. तेव्हा सातवीतल्या मुलाला भर वर्गात ‘बायल्या’ म्हणणारे गुरुजी स्वतःच अडचणीत येऊ शकतात. लैंगिक कलावरून, म्हणजे कुणाला कोण आवडतं यावरून, होणारी छळवणूक रॅगिंगमध्ये मोडते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2016 मध्ये कॉलेजांसाठी स्पष्ट केलं. शाळांसाठी असं थेट वाक्य नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

मुख्याध्यापक ‘वरून बंदी आहे’ म्हणाले तर वाद घालू नका. परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख मागा. मिळालं नाही तर जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘बंदी का आहे’ असं विचारू नका, कारण ‘का’ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. ‘या विषयावरील लागू परिपत्रकांच्या प्रती द्याव्यात’ एवढंच लिहा.

वर्गात सुरुवात प्रश्नपेटीने करावी. सगळ्यांना एकाच मापाचे कागद द्या आणि प्रश्न नसेल त्यानेही कोरी चिठ्ठी टाकायची हा नियम ठेवा, नाहीतर पेटीजवळ कोण गेलं यावरच मधल्या सुट्टीत चर्चा रंगते. चिठ्ठ्या शिक्षकाने एकट्याने आधी वाचाव्यात आणि प्रश्न स्वतःच्या शब्दांत फळ्यावर लिहावेत. मूळ चिठ्ठी फडकवली की पहिल्या बाकावरची मुलं अक्षर ओळखतात. ‘मुलगा मुलींसारखा चालतो तर तो छक्का असतो का?’ असा प्रश्न हमखास येतो. उत्तर दोन मिनिटांचंच द्या. ती शिवी आहे, चालण्यावरून कुणाबद्दल काही ठरत नाही, आपण मुलगा की मुलगी असं आतून वाटणं वेगळं आणि कोण आवडतं हे वेगळं. मग पुढचा प्रश्न. याच उत्तरावर अर्धी तासिका घालवली की वर्ग ‘तो कोण’ ते शोधायला लागतो. तास संपला की चिठ्ठ्या फाडून टाका.

एखादं मूल एकटं येऊन बोललं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सोच्या (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. पण ‘मला मुलगे आवडतात’ एवढंच एखाद्या मुलाने सांगितलं तर त्यात गुन्हाही नाही आणि कळवण्यासारखंही काही नाही. ते घरी सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे त्या मुलाला विचारूनच ठरवायचं. पालकसभेत ‘जरा लक्ष ठेवा हं याच्याकडे’ असं सुचवलंत तरी घरी त्याला मार बसू शकतो.