घर गावाला, खोली वरळीला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. १६० चौरस फुटांत सात माणसं, त्याला घर कसं म्हणायचात?

म्हणत नव्हतोच. वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीत आमची ‘खोली’ होती. घर साताऱ्याकडे. जत्रेला ‘घरी’ जायचं आणि परत यायचं ते ‘खोलीवर’. गिरणीतल्या माणसांचीच ही भाषा. एका गावचे बाप्ये एका खोलीत, पाळीपाळीनं झोपायचे. भिंतीला ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या. बायकापोरं मागाहून आली, शब्द तोच राहिला.

चाळ रिकामी करायच्या आधीच्या गणपतीत आमच्या हस्तलिखित अंकाचा विषय ठेवला ‘घर’. अक्षर माझं बरं, म्हणून संपादकपण माझ्याकडे. (लेख मागून मागून चपला झिजतात, मान काही मिळत नाही.) ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावं किंवा सांगावं, मी लिहून घेईन.

म्हाताऱ्यांनी सोपा, परसू, गोठा काढला. शेजारच्या आजींनी तर म्हशीचं नावसुद्धा लिहायला लावलं. घर आता भावकीच्या वाटणीत गेलंय, हे मात्र “लिहू नको” म्हणाल्या. मी लिहिलं नाही.

माझ्या वयाच्यांच्या कागदावर खोली अशी फारशी नव्हतीच. १९२०च्या दशकात सरकारनं बांधलेल्या या चाळींत मजल्यावर २० खोल्या, मधोमध लांब पॅसेज. सगळे त्या पॅसेजवर लिहीत होते: दारातली पिंपं, परीक्षेच्या दिवसांत दिव्याखाली अंथरलेली चटई, सामायिक संडासाची रांग. त्या रांगेवर मात्र कुणी गोड लिहिलं नाही, आणि ते बरंच झालं. आता चाळीच्या पुनर्विकासात मिळतंय त्या ५०० चौरस फुटांच्या घरात संडास आत आहे. माझ्या आईला त्याचाच सगळ्यात जास्त आनंद आहे. तिच्यासमोर चाळीचे गोडवे गाऊन बघा!

मुखपृष्ठ सातवीतल्या एका मुलानं केलं. पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं. मांडवात टेबलावर सुतळीनं बांधून ठेवलं, तर पहिल्याच संध्याकाळी भांडण. दारं १९ भरली. जो तो आपलं दार मोजायला लागला. पोरगं रडकुंडीला आलं. शेवटी कोपऱ्यातल्या काकांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि चित्रातल्या पाण्याच्या पिंपावरच आपलं दार काढलं, कडीसकट.