बुरुजावरची न्याहारी

आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालत जाणाऱ्यांमध्ये मी दोनदा होतो. मसाईच्या पठारावर धुक्यात पुढच्याची पाठ तेवढी दिसते आणि चिखलात रुतलेला बूट ओढून काढताना मागचा माणूस नाव-गाव न विचारता हात देतो. कोल्हापुरात वाढलेल्याला निष्ठा म्हटले की हीच वाट आठवते : १३ जुलै १६६० चा दिवस, खिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू आणि राजे विशाळगडावर पोहोचल्याची खूण देणाऱ्या तोफांकडे लागलेले त्यांचे कान.

हेच माप घेऊन मी या पावसाळ्यात अलेक्झांडर द्यूमाची ‘थ्री मस्केटिअर्स’ प्रथमच संपूर्ण वाचली आणि अडखळलो. लहानपणी घरात तिचे एक संक्षिप्त रूपांतर होते. त्यात राणीचे हिरे लंडनहून परत आले की गोष्ट संपत असे. आता ध्यानात आले, की फ्रान्सच्या तेराव्या लुईचा पगार खाणारे हे शिपाई जिवावर उदार होऊन इंग्लंडच्या वाटेला लागतात, ते राणीने तिच्यावर प्रेम करणाऱ्या बकिंगहॅम या इंग्रज मंत्र्याला दिलेली हिऱ्यांची भेट राजाला कळू नये म्हणून! पावनखिंडीच्या मापाने याला फितुरीच म्हणावे लागेल.

मात्र द्यूमाला राजाशी फारसे कर्तव्य नाही. त्याची निष्ठा सिंहासनाकडे वर पाहत नाही, शेजारी बसलेल्याकडे पाहते. राजाने तरुण नायक दार्तान्याला दिलेली चाळीस पिस्टोल, म्हणजे सोन्याची नाणी, तो आणि आथोस, पोर्तोस, आरामीस हे तीन मस्केटिअर अशा चौघांत वाटली जातात आणि सरली की चौघेही सारखेच उपाशी राहतात. आथोसच्या भूतकाळात काय दडले आहे हे मित्रांना ठाऊक नसते, आणि ते खोदून विचारतही नाहीत.

राजाविरुद्ध उठलेल्या ला रोशेल शहराच्या वेढ्यातला प्रसंग तर मी लागोपाठ दोनदा वाचला. चौघांना कुणाच्या कानावर न पडता बोलायचे असते आणि छावणीत तशी जागा नसते. म्हणून आथोस पैज लावतो, की शत्रूच्या माऱ्यातल्या सेंट जेर्व्हे बुरुजावर आपण न्याहारी करू आणि तासभर टिकून राहू. आथोसचा मुकाट नोकर ग्रिमो टोपली घेऊन मागून चालतो. हल्ले परतवता परतवता मसलत चालते, आणि निघण्यापूर्वी आथोसच्या हुकमावरून ग्रिमो बुरुजावरची प्रेते हातात बंदुका देऊन भिंतीला टेकवून ठेवतो. मग आथोस निशाण म्हणून लावलेला रुमाल आणायला एकटाच परत फिरतो. त्या रुमालाला तीन गोळ्यांची भोके पडलेली असतात. हा हट्ट लष्करीदृष्ट्या निव्वळ वेडेपणा आहे, पण द्यूमाच्या हातचे असले वेडेपण मला एखाद्या गंभीर लढाईच्या वर्णनापेक्षा जास्त पटते.

ही कथा मार्च ते जुलै १८४४ मध्ये पॅरिसच्या ‘ल सिएक्ल’ या दैनिकात क्रमशः येत होती आणि ऑगस्त माके हा तिच्यातला मोठा साहाय्यक होता. प्रत्येक प्रकरण ‘पुढे काय?’ या टोकावर का थांबते, हे त्यावरून उमगते.

एक गोष्ट मात्र मला खटकली. शेवटी नदीकाठी, रात्री, इतके पुरुष मिळून मिलेडीचा, म्हणजे राजाचा मंत्री रिशल्यू याच्या हेर बाईचा, न्याय करतात. तिचे गुन्हे खरे आहेत. पण न्यायाधीश झालेल्या आथोसनेच पूर्वी, तिचा नवरा असताना, तिला झाडाला टांगले होते, हेही तितकेच खरे. मैत्री इथे टोळीसारखी दिसू लागते. लेखक मात्र त्या पानांवर फार रेंगाळत नाही.

त्यानंतर रिशल्यू दार्तान्याच्या हाती लेफ्टनंटच्या हुद्द्याचे नेमणूकपत्र देतो. त्यावर नावाची जागा कोरी असते. तो ते घेऊन एकेका मित्राकडे जातो. पोर्तोसला एका विधवेशी लग्न करून तिच्या नवऱ्याची तिजोरी मिळवायची असते, आरामीसला धर्मसेवेत जायचे असते, आणि आथोसला तर काहीच नको असते. शेवटी आथोसच लेखणी उचलून कोऱ्या जागी ‘दार्तान्या’ असे लिहितो, आणि ज्या मस्केटिअर्समध्ये शिरायला तो तरुण गावाहून पॅरिसला आला होता त्यांतलाच हुद्दा हाती पडताच त्याला रडू फुटते, कारण आता मित्र उरणार नाहीत.