गालुसच्या मोटेटचा सराव: ‘एच्चे’ बसलं, ‘मिराबिले’ अडलंय

सोळाव्या शतकातला संगीतकार गालुस याचं ‘एच्चे क्वोमोदो मोरितुर यूस्तुस’ हे मोटेट (लॅटिन शब्दांवरची, अनेक आवाजांची धार्मिक रचना) आता बसलं. चारही आवाज मीच एकावर एक रेकॉर्ड केले, वरचे दोन खोट्या आवाजात, त्यामुळे कुणाला ऐकवणार नाही. पण ‘एत एरित इन पाचे’ ही ओळ दोन्ही भागांच्या शेवटी येते, तिथे सूर आता हलत नाहीत. संगीतकार हेंडेलने 1737 मध्ये इंग्लंडच्या राणी कॅरोलाइनच्या अंत्यविधीच्या संगीतात घेतली ती हीच जागा.

याकोबुस गालुस बहुतेकांना या एकाच रचनेमुळे माहीत असतो, आणि इथेच घोळ होतो. चारही आवाज जवळजवळ एकत्र चालतात, शब्द स्वच्छ कळतात, हौशी क्वायरलाही झेपतं. मग माणूसही सरळसोपाच असेल असं वाटतं. 1550 मध्ये कार्निओलात, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियात, जन्म. ऑस्ट्रियातल्या मेल्कच्या मठात वास्तव्य, आजच्या चेकियातल्या ओलोमोउत्सच्या बिशपकडे गायकवृंदप्रमुख, शेवटी प्रागमधल्या एका चर्चमध्ये कँटर, म्हणजे तिथलं गायन सांभाळणारा. 1591 मध्ये गेला. त्याआधीच्या पाचेक वर्षांत ‘ओपुस मुझिकुम’चे चार खंड प्रागला छापून घेतले: 374 मोटेट, चर्चच्या वर्षाच्या क्रमाने लावलेली.

त्यातलंच ‘मिराबिले मिस्तेरियुम’ सध्या हातात आहे. पाच आवाज, आणि अर्धस्वरांची नुसती रेलचेल. देव माणूस झाला, दोन्ही प्रकृती नव्या झाल्या, असा मजकूर; तिथे प्रत्येक आवाज अर्ध्या अर्ध्या पावलाने सरकतो आणि पायाखालचा षड्जच नाहीसा होतो. तानपुरा लावून बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गायचा प्रयत्न सोडून दिला. तानपुरा इथे उलट दिशाभूल करतो, कारण कालचा सा आज दुसऱ्याच स्वरमेळाचा पंचम झालेला असतो. शेजारच्या आवाजाकडून सूर उचलणं हाच मार्ग. म्हणून आता एका वेळी दोनच आवाज घेतो, बेस आणि त्याच्या लगेच वरचा, तेही निम्म्या लयीत, स्वरनावांनी. शब्द नंतर.

पहिलं पान असं जमलंय. पुढे आठ आवाजांचं ‘पातेर नोस्तेर’ घ्यायचंय, दोन गटांत वाटलेलं. ते एकट्याने रेकॉर्ड करण्यात अर्थ नाही. पुण्यात कुणी टेनर (उंच पुरुषी आवाज), आल्टो (खालचा स्त्री आवाज) मोकळे असतील तर कळवा. नोटेशन वाचता आलं पाहिजे, लॅटिन शिकवू.