पायाला प्लॅस्टर, हातात माऊस

सोमवार, रात्र

प्लॅस्टरचा तेरावा दिवस. सोसायटीच्या शेवाळलेल्या पायरीने घात केला, तेव्हापासून डावा पाय दोन उशांवर आणि मी पलंगावर. पहिला आठवडा क्रिकेटच्या जुन्या मॅचेस बघण्यात गेला. दुसऱ्यात बायकोने रिमोट काढून घेतला. तिचं म्हणणं, मी कॉमेंट्री तोंडपाठ म्हणायला लागलो होतो.

आज लॅपटॉप साफ करताना ‘थिंबलवीड पार्क’ हा जुन्या धाटणीचा कॉम्प्युटर गेम सापडला. २०१९ मध्ये एपिकच्या ऑनलाइन दुकानात तो काही दिवस फुकट मिळत होता, तेव्हा घेऊन ठेवलेला. फुकट ते पौष्टिक. तेव्हा जेमतेम तासभर खेळलो आणि हॉस्टेलच्या ग्रुपवर निकाल जाहीर करून टाकला: म्हाताऱ्याने केस काळे केलेत, बाकी काही नाही. लोकलमधून उभ्याने घरी येऊन, जेवून, रात्री अकरानंतर खेळत होतो, हे मात्र ग्रुपवर सांगितलं नव्हतं.

आज दुपारी पुन्हा सुरू केला. १९८७ साल, अमेरिकेतलं एक पडीक गाव, लोकवस्ती ८०. पुलाखाली एक प्रेत पडलंय आणि रे आणि रेयेस हे दोन सरकारी एजंट तपासाला आलेत. प्रेत सडत नाही, त्याचे पिक्सेल, म्हणजे चित्राचे चौकोनी ठिपके, दिसायला लागतात. २०१९ मध्ये हा विनोद माझ्या डोक्यावरून गेला होता. आज एकटाच हसलो, तर स्वयंपाकघरातून “काय झालं?” असा आवाज आला. समजावून सांगायला गेलो आणि अर्ध्यात सोडून दिलं.

पडद्याच्या खालच्या बाजूला नऊ क्रियापदं. उघड, बंद कर, दे, उचल, बघ, बोल, ढकल, ओढ, वापर. आधी क्रियापदावर क्लिक, मग वस्तूवर. आजच्या मुलांना हे चुलीवर चहा करण्यासारखं वाटणार. माझा हात मात्र विचार न करता ‘उचल’वर गेला. तीस वर्षांनी गावच्या विहिरीवर गेलं तरी हाताला रहाट आठवतो, तसं.

मंगळवार

रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक या दोघांनी १९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्समध्ये ‘मॅनिअॅक मॅन्शन’ केला. पडद्यावरची क्रियापदं आम्हाला दिसली ती त्या घराण्यामुळे. त्या गेमसाठी लिहिलेल्या प्रणालीचं नाव ‘स्कम’ (SCUMM), आणि त्यातले शेवटचे दोन ‘एम’ म्हणजे खुद्द मॅनिअॅक मॅन्शन. पुढे कितीतरी गेम तिच्यावर चालले, ‘मंकी आयलंड’सकट. २०१४ च्या अखेरीला या दोघांनी थिंबलवीडसाठी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या साईटवर लोकांपुढे झोळी पसरली. मागितले ३ लाख ७५ हजार डॉलर, पडले ६ लाख २६ हजारांच्या वर, आणि देणारे पंधरा हजारांहून जास्त. वचन साधारण असं की जुन्या टेबलाचा ड्रॉवर उघडावा आणि त्यात तेव्हाच्या काळातला, आपण कधीच न खेळलेला एक गेम सापडावा. ३० मार्च २०१७ ला गेम बाहेर आला.

ग्रुपवर फक्त एवढंच टाकलं: “थिंबलवीड पुन्हा खेळतोय. पाय मोडलाय.” पायाची चौकशी एकाने केली. गेमवर चौघे तुटून पडले.

एकाचं म्हणणं, त्याने इतका सुंदर गेम दहा वर्षांत पाहिला नाही. त्याला चित्रं आवडतात. चित्रांच्या मागे मार्क फेरारी आहे, ‘लूम’ या जुन्या गेममध्ये मोजक्या रंगांतून संध्याकाळ उभी करणारा. दुसरा कंत्राटदार आहे, त्याला वेळेचा हिशेब लागतो. त्याची तक्रार अशी की अर्धा गेम रस्त्यावरून चालण्यातच जातो. पाच पात्रं, प्रत्येकाचा खिसा वेगळा. कुलूप एकाच्या पुढ्यात आणि किल्ली गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच्या खिशात. मग आधी दोघांना एका जागी आणा. “साईटवर मी रोज हेच करतो, घरी येऊनही हेच करू?” तिसऱ्याला शिव्या घालणारा जोकर सोडून काहीच आवडलं नाही. रॅनसम नावाचा हा जोकर लोकांचा अपमान करून पोट भरायचा, एका बाईच्या शापामुळे आता त्याच्या तोंडाचा रंग निघत नाही. त्याच्या प्रत्येक वाक्यात दोन-तीनदा ‘बीप’ वाजतो. बीपमागची शिवी कोणती असेल यावर आमच्या ग्रुपात जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही.

चौथा म्हणाला, शेवट भिकार आहे. इतकंच. त्यावर बाकी तिघे गप्प झाले, म्हणजे त्यात काहीतरी असणार.

बुधवार

ताई दोन दिवसांसाठी आलीय, सोबत चिऊ. चिऊ चौदाची. पलंगाच्या कडेला बसून तिने पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, “मामा, याचे ग्राफिक्स लोड व्हायचेत का?”

मी म्हटलं, “हे असंच आहे.”

“मुद्दाम?”

या एका शब्दाचं उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. खरं तर ‘असंच’ हेही खरं नाही. १९८७ च्या यंत्रावर हा गेम चाललाच नसता. चालताना मागची झाडं वेगळ्या वेगाने सरकतात, दिव्याखालून गेलं की पात्राच्या अंगावर उजेड पडतो. माझ्या आतेभावाच्या नागपूरच्या घरी जो संगणक होता त्यावर यातलं काही नव्हतं. मला आठवतं तसं हे आहे, होतं तसं नाही. चिऊला हा फरक सांगितला तर ती म्हणाली, “म्हणजे फिल्टर.” मान्य करावं लागलं.

तिला फ्रँकलिन आवडला. तो मेलेला आहे. हॉटेलात भूत होऊन फिरतो, आणि भुताला वस्तू उचलता येत नाहीत म्हणून त्याच्या वाट्याला खालची क्रियापदंच वेगळी येतात: फुंकर घाल, गारठव, विजेचा झटका दे. क्रियापदं बदलली की माणूस बदलतो हे मराठीच्या मास्तरांनी कधी इतकं चांगलं शिकवलं नव्हतं. चिऊने सगळ्या वस्तूंना झटके देऊन पाहिले.

गावात सगळं व्हॅक्यूम ट्यूबवर चालतं. संडाससुद्धा. केकचं दुकान होतं तिथे आता ट्यूब विकतात. चिऊला वाटलं, ट्यूब म्हणजे ट्यूबलाइट. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओची गोष्ट सांगितली. बटण दाबल्यावर तो तापायची वाट बघायची, मग कुठे बातम्या. “वाट बघायची? बातम्यांची?” तिला गेमपेक्षा हे जास्त काल्पनिक वाटलं.

गुरुवार

आज अडकलो. सकाळी नऊपासून साडेअकरापर्यंत पाचही पात्रांना गावभर हिंडवलं. प्रत्येकाच्या खिशात एक वही आहे आणि वहीत कामांची यादी. यादी सांगते काय करायचं, कसं करायचं ते सांगत नाही. माझ्या साहेबाची आठवण झाली.

इथे गिल्बर्टच्या बाजूने एक सांगायला हवं. या माणसाने १९८९ मध्येच एक लेख लिहून अशा गेममधल्या खोडी मोजून दाखवल्या होत्या. खेळाडूला उगाच मारू नका, नंतर लागणारी वस्तू मागे राहून गेली म्हणून खेळ कायमचा अडवू नका, असलं सगळं. त्या काळात दुसऱ्या कंपन्यांच्या गेममध्ये चुकीच्या पायरीवर पाय ठेवला की मरायचो. (माझ्या सोसायटीचं डिझाइन त्याच काळातलं असावं.) थिंबलवीडमध्ये कोडी कठीण आहेत, पण सुटल्यावर शिवी स्वतःलाच घालावीशी वाटते, गेमला नाही.

गेमला शिवी घालावीशी वाटणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ‘मंकी आयलंड २’. आतेभावाकडे तो कुठूनतरी फ्लॉपींवर आला होता, त्याच्या वैधतेबद्दल न बोललेलं बरं. सुट्टीत आम्ही दोघं शब्दकोश घेऊन बसायचो. एका बेटावर धबधबा, वर पाण्याचा पंप, आणि तो बंद करायला काहीतरी लागतं. दोन सुट्ट्या गेल्या. उत्तर असं होतं: दुसऱ्या बेटावरच्या दारूच्या गुत्त्यात एक माकड पियानो वाजवतं. पियानोवरच्या मेट्रोनोमला, म्हणजे ताल धरणाऱ्या लंबकाला, केळं अडकवलं की माकडाला संमोहन होतं. मग ते आखडलेलं माकड उचलून खिशात घालायचं आणि त्याने पंप फिरवायचा. का? तर अमेरिकेत स्क्रू-पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. नागपूरच्या गॅरेजात स्क्रू-पान्याला स्क्रू-पाना म्हणतात. शब्दकोशात डोकं घातलं असतं तरी हे सुटलं नसतं. हे कोडं अन्यायाचं होतं हे पुढे गिल्बर्टनेही मान्य केलं, पण आमच्या दोन सुट्ट्या कोण परत देणार?

तरीही त्या सुट्ट्यांतलं मला आठवतं काय? तो पंपच. सहज सुटलेली शंभर कोडी विसरलो.

दुपारी झोपून उठलो तर चिऊने आजचं कोडं सोडवलेलं. “सुचलं,” म्हणाली.

शुक्रवार

ग्रुपवरचा वाद अजून चालू आहे. आज विषय होता गेममधले आतल्या गोटातले विनोद. थिंबलवीडमध्ये जुन्या लुकासफिल्म गेमांच्या आठवणी पावलोपावली पेरल्यात. डेलोरेस नावाची मुलगी उशांच्या कारखान्याचा वारसा सोडून गेम प्रोग्रामर व्हायला निघते, तीही मक्कसफ्लेम गेम्स नावाच्या कंपनीत. ओळखलं तर गंमत, नाही तर चुकीच्या लग्नाला आल्यासारखं वाटतं. लोकांनी इतकी कुरकुर केली की त्रासदायक आतले विनोद चालू-बंद करायचं बटणच सेटिंगमध्ये आहे. संडासातला कागद वरून सुटावा की खालून, याचंही आहे. आपल्याकडे त्या बटणाचा काय उपयोग, असं कंत्राटदाराने विचारलं, ते रास्त आहे.

मला स्वतःला खुपलं ते वेगळंच. शेरीफ, प्रेत तपासणारा आणि हॉटेलचा मॅनेजर हे तिघं उघडच एकसारखे दिसतात, फक्त प्रत्येकाची वाक्याला शेपूट लावायची लकब वेगळी. पहिल्या दहा मिनिटांत मजा. चौथ्या तासाला आमच्या ऑफिसातल्या ‘काय आहे ना’ वाल्या गृहस्थांसारखं होतं.

आणि टेलिफोन डिरेक्टरी. किकस्टार्टरवर पैसे दिलेल्यांची नावं तीत छापलीत. नंबर फिरवला की अनेकांनी स्वतःच्या आवाजात ठेवलेला निरोप ऐकू येतो. अडकलेला असताना मी तासभर अनोळखी माणसांना फोन करत बसलो. कोणी गातं, कोणी पाणचट विनोद करतं. गेम म्हणून हे शून्य आहे. पण एवढी माणसं एका रिकाम्या गावात राहायला आलीत आणि फोन उचलत नाहीत, हे मला गावातल्या भुतापेक्षा जास्त भुताटकीचं वाटलं.

शनिवार

संपला. ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

खून बाजूलाच पडतो. आरोपी म्हणून गावातल्या बेवड्याला पकडतात, त्याचं पुढे कोणाला सोयरसुतक नाही, एजंट आपापल्या खाजगी कामांना लागतात. रेयेसला उशांच्या कारखान्याच्या आगीचा ठपका वडिलांच्या नावावरून पुसायचाय. आणि शेवटी सगळ्यांना कळतं की आपण गेममधली पात्रं आहोत. प्रत्येकाला जे हवं ते मिळतं, आणि मग डेलोरेस रंग उतरलेल्या, नुसत्या रेघांच्या गावात जाऊन सगळं बंद करते.

ग्रुपवरच्या चौथ्याचा राग आता समजला. वीस तास खुनी शोधायचा आणि शेवटी गेम म्हणतो, मी गेम आहे. ते मला पिक्सेल दिसल्यापासून ठाऊक होतं, बाबा. मला खुनाचं उत्तर हवं होतं. सुंदर कलाकुसरीचं दार आणि मागे भिंत, असं वाटलं. चिऊला मात्र शेवट आवडला. “सगळे खोटे आहेत हे कळल्यावरसुद्धा ती बंद करायला गेली ना, मामा. मी नसते गेले.” मी तिच्याशी वाद घातला नाही. माझं मत तसंच आहे.

२०१९ चं मत मात्र आज ग्रुपवर जाहीरपणे मागे घेतलं. कंत्राटदाराने लगेच लिहिलं, “मत बदललं की पाय?” पायच. सहा आठवडे कोणी कुठे जायला सांगत नसेल तर गावभर चालणं हा दोष राहत नाही. त्याच्याकडे हे सहा आठवडे नाहीत, म्हणून त्याचंही बरोबर आहे.

याच गिल्बर्टने २०२२ मध्ये ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ आणला, पिक्सेल सोडून वेगळ्याच कातरकामासारख्या चित्रांचा. तर लोकांनी त्याला इतकं घालूनपाडून बोललं की त्याने स्वतःच्या साईटवर त्या गेमबद्दल लिहिणंच थांबवलं. थिंबलवीड फार जुना म्हणून आणि हा पुरेसा जुना नाही म्हणून. आमच्या पाच जणांतले दोघे तेव्हा चिडणाऱ्यांत होते. एक मी.

रविवार

ताई आणि चिऊ संध्याकाळी निघाल्या. जाताना चिऊने सांगून टाकलं: गुरुवारचं कोडं तिला सुचलं नव्हतं. गेममधल्या कुठल्याही फोनवरून ४४६८ फिरवला की हिंट मिळते, नंतरच्या अपडेटमध्ये ती सोय आली. मी तासभर अनोळखी लोकांना फोन लावत बसलो आणि हा एक नंबर लावला नाही.

रात्री तिचा मेसेज आला. ‘मंकी आयलंड २’ची २०१० ची नवी आवृत्ती घेतलीय, आईच्या परवानगीने. सोबत एका माकडाचा फोटो आणि प्रश्न, “मामा, हे पियानो का वाजवतंय?”

सहज वाजवत असेल, असं उत्तर पाठवलं.