नाव ठेवण्याआधी नावं ठेवणं

मुलाचं नाव शोधायला बसलं की सगळे आधी अर्थ विचारतात, मग ते संस्कृत आहे ना विचारतात, आणि लांबीचा विचार सगळ्यात शेवटी, म्हणजे फॉर्मवरच्या चौकटी संपल्यावर. माझं मत विचाराल तर हा क्रम बरोब्बर उलटा पाहिजे. तसं मत कोणी विचारलेलं नाहीये, पण ताईला मुलगा झालाय आणि मी एकुलती एक मावशी आहे, त्यामुळे बोलणारच.

अर्थाचंच बघा ना. नेटवरच्या याद्यांमध्ये आरव म्हणजे 'शांत' असं बिनधास्त लिहिलेलं असतं. संस्कृत कोश उघडला तर आरव म्हणजे आवाज, आरोळी, आक्रोश. कलरवातला रव तोच. रात्री दोन वाजता भोकाड पसरणाऱ्या पोराला हे नाव अगदी फिट बसतं, फक्त आईबापांनी ते भलत्याच आशेने ठेवलेलं असतं. आणि ती शेवटी 'अंश' लावलेली नावं! अंश दिसला की कुठल्या तरी देवाचा असणारच असं धरून अर्थाच्या रकान्यात 'विष्णूचा अंश' टाकून मोकळे होतात. रेयांशमधलं 'रेय' म्हणजे काय हे विचारायचं नाही.

बरं, अर्थ खरा आणि चांगला असला तरी उपयोग काय? शकुनी म्हणजे नुसता पक्षी. धृतराष्ट्र म्हणजे राष्ट्र धरून ठेवणारा, एखाद्या मंत्र्याला शोभेल असं नाव, ठेवतंय का कोणी? उलट बिभीषण म्हणजे भीती घालणारा, आणि लंकेतल्या तीन भावांत सरळ माणूस तोच. अर्जुन म्हणजे पांढरा, कृष्ण म्हणजे काळा, पांडू म्हणजे फिकट, नुसते अर्थ वाचत गेलं तर महाभारत नाही, रंगाच्या डब्यांचं शेड कार्ड वाटेल. अश्वत्थामा तर जन्मल्या जन्मल्या घोड्यासारखा खिंकाळला म्हणून अश्वत्थामा, विषय संपला. आणि आपल्या काळातलं म्हणाल तर तेंडुलकरांनी धाकट्या मुलाचं नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं. आज सचिन म्हटलं की अर्थ बघायला कोश कोण उघडतंय?

तसंही चांगले अर्थ जगभर तेच ते आहेत. आपला देवदत्त, ग्रीक थिओडोर, हिब्रू नथानिएल, स्लाव्ह लोकांचा बोगदान, अरबी अताउल्ला, सगळ्यांचा अर्थ एकच, देवाने दिलेला. रोमन लोक मात्र याबाबतीत अगदीच निवांत. पॉल म्हणजे लहान, क्लॉडियस म्हणजे लंगडा, आणि हे घराण्याचं नाव ज्या सम्राटाकडे आलं तो खरंच लंगडत चालायचा, तरी कोणी नाव बदललं नाही. आपल्याकडे एवढं झालं असतं तर गॅझेटात जाहिरात आली असती.

मग उगम. दाजींचा हट्ट आहे की नाव शुद्ध संस्कृतच हवं, त्यामुळे त्यांना आवडलेला कियान बाद झाला, कारण ते नाव इराणच्या जुन्या कयानी राजांकडून आलेलं आहे हे मी ग्रुपवर टाकलं. (यादीत त्याच्यापुढे 'संस्कृत, देवाची कृपा' होतं.) पण मग दौलतराव, फत्तेसिंह, हैबतराव यांचं काय करायचं? दौलत, फत्ते, हैबत तिन्ही मूळ अरबी. गुलाबरावातला गुलाब फारसी, शहाजीतला शहा फारसी, साहेबरावातला साहेब पुन्हा अरबी. आणि ऐकायला कशी वाटतात? फेटा बांधूनच जन्माला आलेली. दाजींच्या आजोबांचं नाव साहेबराव. हेही मी ग्रुपवर टाकलं, त्यानंतर दाजी बराच वेळ ऑफलाइन होते.

आता माझा लाडका मुद्दा, लांबी. जुन्या लोकांनी यावर आपल्यापेक्षा जास्त डोकं लावलंय. आश्वलायन गृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती संस्कारांच्या जुन्या वैदिक ग्रंथात, मुलाच्या नावाची मापंच दिलीत, सुरुवात घोष वर्णाने म्हणजे ग, ज, द, ब असल्या दणदणीत अक्षराने, मध्ये य र ल व पैकी एखादं, शेवटी विसर्ग, आणि अक्षरं दोन किंवा चार. प्रतिष्ठा हवी तर दोन, ब्रह्मवर्चस म्हणजे वेदविद्येचं तेज हवं तर चार. सगळा हिशोब कानाचा.

मराठीत घोळ असा की आपण शेवटचा अ खाऊन टाकतो. राम संस्कृतात दोन अक्षरं, आपल्या तोंडून मात्र राम्, एकच. मैदानाच्या त्या टोकाला हाक पोचवायची तर तेवढं पुरत नाही, मग पोरं आपणच त्याचा रामा नाहीतर राम्या करतात. म्हणून माझी एक 'या' टेस्ट आहे. कुठलंही नाव घ्या, त्याला 'या' लावा आणि जोरात ओरडून बघा, कारण पाचवीच्या वर्गात हे होणारच आहे. सचिनचा सच्या, निखिलचा निख्या, अथर्वचा अथ्या, इथपर्यंत ठीक. मंदार म्हणजे स्वर्गातलं झाड, केवढा सुंदर अर्थ, पण त्याचा मंद्या झाला की झाड गेलं आणि नुसता मंद राहिला. चार-पाच अक्षरी नावांना तर कात्री ठरलेलीच, चंद्रशेखरचा चंदू व्हायला एक दुपार पुरते. शिवाय वरची मर्यादा वेगळीच. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात ना, त्यात पूर्ण नावाला, आडनाव आणि मधल्या जागा धरून, ३९ घरं असतात. पुढचं कापलं जातं, अर्थ कितीही उदात्त असो.

सध्या यादीत हृषीकेश टिकून आहे. इंद्रियांचा स्वामी, शुद्ध संस्कृत, अक्षरं चार, ह घोष वर्ण, 'या' लावून ऋष्या, तेही चालतंय. अडलंय ते स्पेलिंगवर. अर्धं जग ते ऋषिकेश लिहितं, इंग्रजीत कोणी एच आर आय, कोणी आर यू, कोणी आर आय, आणि ताई म्हणते पोरगं जन्मभर काउंटरवर उभं राहून स्पेलिंग सांगत बसेल. त्यावर आई म्हणाली, "अगं मग सोपं काहीतरी ठेवा की, ज्ञानेश ठेवा." ज्ञानेशचं स्पेलिंग आपण डी एन वाय ए ने सुरू करतो आणि हिंदीवाले जी वाय ए ने, हे तिला कोणीतरी सांगा, मी नाही सांगणार.